एस्टरच्या रेणूतील इलेक्ट्रॉनस्नेही कार्बन कसा ओळखावा

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर एखादा साधा एस्टर काढून "यातील इलेक्ट्रॉनस्नेही कार्बनभोवती वर्तुळ काढा" असे सांगितले, तर बहुतेकांचे वर्तुळ कार्बोनिल (म्हणजे ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेल्या) कार्बनभोवती पडते आणि ते बरोबरही असते. अडचण पुढे येते. तोच कार्बन का, असे विचारल्यावर "त्याला दोन ऑक्सिजन जोडलेले आहेत म्हणून" एवढेच उत्तर मिळते, आणि रेणूत एखादा दुहेरी बंध, एखादा ब्रोमीन किंवा टर्शरी ब्युटिल गट आला की तेच वर्तुळ भलत्या ठिकाणी जाते. जळगाव जिल्ह्यात इतकी वर्षे हा विषय शिकवताना माझे मत असे झाले आहे की कारण अर्धवट ठाऊक असणे हे कारण ठाऊक नसण्यापेक्षा परीक्षेत जास्त महागात पडते. म्हणून एस्टरमधील प्रत्येक कार्बनची तपासणी कशी करावी, ते येथे क्रमाने मांडले आहे.

शब्दांचे आधी स्पष्ट करतो. वर्गात आपण सर्रास इलेक्ट्रोफाइल आणि न्यूक्लिओफाइल म्हणतो. मराठी पुस्तकांत त्यांना इलेक्ट्रॉनस्नेही आणि केंद्रकस्नेही म्हटलेले आढळते. ज्या कार्बनवर बाहेरून आलेली इलेक्ट्रॉन जोडी नवा बंध तयार करू शकते, तो कार्बन इलेक्ट्रॉनस्नेही; ती जोडी घेऊन येणारा तो केंद्रकस्नेही. या व्याख्येत "करू शकते" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण कार्बनवर इलेक्ट्रॉनांची तूट असणे आणि त्या कार्बनला नवी जोडी स्वीकारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रेणू उलगडून काढणे

प्रश्नपत्रिकेत एस्टर बहुधा एका ओळीत दाटीवाटीने छापलेला असतो. तो तसाच वाचत बसू नये. कागदावर सर्व बंध दिसतील असा उलगडून काढावा, दोन्ही ऑक्सिजनवरील एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या टिंबांनी दाखवाव्यात आणि प्रत्येक कार्बनला क्रमांक द्यावा. हे क्रमांक नामकरणाच्या नियमांनुसार असण्याची गरज नाही; ते आपल्या हिशेबासाठी आहेत.

उदाहरणादाखल आयसोअमाइल ॲसिटेट घेऊ. रावेर-यावल भागातील विद्यार्थ्याला या एस्टरची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही, कारण पिकलेल्या केळ्याच्या वासात त्याचा वाटा मोठा असतो. प्रयोगशाळेत ॲसेटिक आम्ल आणि आयसोअमाइल अल्कोहोल थोड्या संहत सल्फ्युरिक आम्लाबरोबर तापवून तो तयार करतात, आणि ज्या दिवशी हा प्रयोग असतो त्या दिवशी आमच्या विभागाच्या व्हरांड्यात केळीच्या वखारीत आल्यासारखे वाटते. त्याच्या रेणूत सात कार्बन आहेत. ॲसिटेट भागातील मिथिल गटाला १ आणि कार्बोनिल कार्बनला २ म्हणू. त्यापुढे एकेरी बंधांनी जोडलेला ऑक्सिजन येतो. त्या ऑक्सिजनला चिकटलेला सीएच२ हा ३, पुढचा सीएच२ हा ४, शाखा फुटते तो सीएच हा ५, आणि टोकाचे दोन मिथिल गट ६ व ७.

आता प्रत्येक कार्बनला दोन प्रश्न विचारायचे आहेत. पहिला प्रश्न असा, की या कार्बनला थेट जोडलेला एखादा अणू त्याच्यापेक्षा बराच अधिक विद्युतऋण, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारा, आहे काय? पाउलिंगच्या मापनपट्टीवर कार्बनची विद्युतऋणता २.५५, हायड्रोजनची २.२० आणि ऑक्सिजनची ३.४४ आहे. या कसोटीवर १, ४, ५, ६ आणि ७ लगेच बाजूला पडतात, कारण त्यांच्या शेजारी केवळ कार्बन आणि हायड्रोजन आहेत. उरतात ते २ आणि ३. ऑक्सिजन या दोघांनाही जोडलेला आहे आणि दोघांवरही अंशतः धन प्रभार आहे.

दुसरा प्रश्न समजावताना मी भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीच्या बाकाचे उदाहरण देतो. बाकावर चार माणसे बसलेली आहेत आणि अमळनेरला पाचवा चढला. त्याला बसायचे असेल तर एकतर कोणीतरी उठले पाहिजे, किंवा कोणीतरी अंग चोरून जागा करून दिली पाहिजे. कार्बनचे चार बंध म्हणजे ती चार माणसे. म्हणून दुसरा प्रश्न असा, की नवी इलेक्ट्रॉन जोडी आली तर या कार्बनच्या बंधांतील कोणती जोडी सरकेल, आणि सरकून ती कोठे जाईल?

क्रमांक २ ला उत्तर सोपे जाते. त्याच्या दुहेरी बंधातील पाय (π) बंधाची, म्हणजे दुसऱ्या, सैल बंधाची, जोडी ऑक्सिजनकडे सरकते. ऑक्सिजन ती सुखाने बाळगतो आणि कार्बनला जोडलेला एकही अणू लगेच दूर जावा लागत नाही. सपाट असलेला कार्बन चतुष्फलकीय होतो, आणि पुढच्या पायरीत ऑक्सिजनवरची जोडी परत खाली येताना अल्कॉक्सी गट बाहेर पडतो. क्रमांक ३ वर पाय बंध नाही. तेथे नवी जोडी यायची तर कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंध त्याच क्षणी तुटून संपूर्ण ॲसिटेट गट निघून जावा लागतो. हे अशक्य नाही, पण नेहमीच्या परिस्थितीत त्याला जास्त ऊर्जा लागते. त्यामुळे हायड्रॉक्साइडसमोर आयसोअमाइल ॲसिटेट ठेवला तर हल्ला क्रमांक २ वर होतो. तो सी-ओ अक्षाच्या सरळ रेषेत होत नाही, काटकोनातही होत नाही. हल्ला करणारा अणू कार्बोनिल बंधाशी सुमारे १०७ अंशांचा कोन करून, ऑक्सिजनच्या मागच्या बाजूने वरून उतरतो. ब्युर्गी आणि डुनिट्झ यांच्या नावाने हा कोन ओळखला जातो. बाण काढताना तेवढे तिरकेपण दाखवावे. गुण मिळोत न मिळोत, चित्र खरे होते.

हे सर्व कागदावरचे तर्कट आहे असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर १९३४ सालीच मिळालेले आहे. मायकेल पोलान्यी आणि झाबो यांनी जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-१८, असलेल्या पाण्यात अमाइल ॲसिटेटचे अल्कधर्मी माध्यमात जलापघटन केले, म्हणजे पाण्याने तो फोडला. हा एस्टर आपल्या केळ्याच्या एस्टरचा सख्खा चुलतभाऊ. पाण्याचा हल्ला क्रमांक ३ सारख्या अल्किल कार्बनवर झाला असता तर जड ऑक्सिजन अल्कोहोलमध्ये सापडायला हवा होता. तो अल्कोहोलमध्ये आला नाही. म्हणजे तुटला तो कार्बोनिल कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामधला बंध. पुढे १९५१ मध्ये मायरन बेंडर यांनी उलट दिशेने तपासणी केली. कार्बोनिल ऑक्सिजनलाच ऑक्सिजन-१८ ची खूण करून त्यांनी जलापघटन मधेच थांबवले, आणि न बदललेला एस्टर परत मिळवून मोजला, तेव्हा त्यातील काही खूण पुसली गेलेली दिसली. हल्ला होताच अल्कॉक्सी गट एका झटक्यात बाहेर पडत असता तर खूण पुसली जाण्याचे कारण नव्हते. मध्ये चतुष्फलकीय अवस्था असते, आणि तीत दोन्ही ऑक्सिजनांना जागा बदलण्याइतकी उसंत मिळते, हे त्यावरून दिसून आले.

सर्वांत धन कार्बन म्हणजे इलेक्ट्रॉनस्नेही कार्बन, हा गैरसमज

पहिल्या प्रश्नावर थांबणारे विद्यार्थी अंशतः धन प्रभार मोजतात आणि ज्याच्यावर तो सर्वांत जास्त, त्याच्याभोवती वर्तुळ काढतात. या पद्धतीचा पोकळपणा दाखवणारा एक एस्टर आहे: इथिल ट्रायफ्लुओरोॲसिटेट. क्ष-किरणांनी अणूच्या आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन बाहेर काढून त्यांची ऊर्जा मोजण्याचे तंत्र काई सीगबान यांनी स्वीडनमधील उप्साला येथे विकसित केले, ज्यासाठी त्यांना १९८१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्या तंत्राचे नमुनेदार चित्र म्हणून याच एस्टरचा आलेख दाखवला जातो, कारण त्यातील चार कार्बनची चार शिखरे स्वच्छ वेगळी पडतात. बंधनऊर्जा उतरत्या क्रमाने लावली तर सर्वांत वर तीन फ्लुओरीन असलेला कार्बन येतो, त्यानंतर कार्बोनिल कार्बन, नंतर ऑक्सिजनला जोडलेला सीएच२ आणि शेवटी टोकाचा मिथिल. पहिल्या आणि शेवटच्या शिखरांत सात-आठ इलेक्ट्रॉन व्होल्टचे अंतर आहे.

म्हणजे इलेक्ट्रॉनांची सर्वाधिक तूट फ्लुओरीनवाल्या कार्बनवर आहे. तरीही हायड्रॉक्साइड किंवा अमाइन त्याच्याकडे वळत नाही. ते जाते शेजारच्या कार्बोनिल कार्बनकडे. फ्लुओरीनवाल्या कार्बनच्या बाकावर उठणारा कोणी नाही: कार्बन-फ्लुओरीन बंध अतिशय बळकट असतो, पाय बंध तेथे नाही, आणि तीन फ्लुओरीनांच्या इलेक्ट्रॉन ढगांनी वाटही अडवून धरलेली असते. त्या तीन फ्लुओरीनांचा परिणाम दिसतो तो शेजाऱ्यावर. कार्बोनिल कार्बनची तूट त्यांच्या ओढीने वाढते, म्हणून हा एस्टर साध्या इथिल ॲसिटेटपेक्षा कितीतरी लवकर जलापघटित होतो. प्रभार कोठे आहे आणि अभिक्रिया कोठे होते, या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच रेणूत वेगवेगळी असल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

वर्णपट वाचून इलेक्ट्रॉनस्नेहीपणा ठरवण्याचा मोहही आवरावा. कार्बन-१३ च्या एनएमआर आलेखात ॲसिटोनचा कार्बोनिल कार्बन २०६ पीपीएमच्या आसपास आणि इथिल ॲसिटेटचा १७१ च्या आसपास दिसतो. कीटोन एस्टरपेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे नियम सापडल्यासारखा वाटतो. पण ॲसिटिल क्लोराइडचा कार्बन १७० च्याच घरात येतो, आणि ते तर पाण्याचा स्पर्श होताच धूर सोडते. अवरक्त वर्णपटाचेही तेच: ॲसिटिल क्लोराइड १८००, इथिल ॲसिटेट १७४० आणि ॲसिटोन १७१५ प्रति सेंटीमीटरच्या जवळपास शोषण करतात, म्हणजे तेथे एस्टर कीटोनच्या वर जाऊन बसतो. रेणूत एस्टर आहे की नाही हे वर्णपट उत्तम सांगतात, त्याची क्रियाशीलता मात्र त्यांच्यावरून वाचू नये.

शेजारचा ऑक्सिजन देतोही

एस्टरचा कार्बोनिल कार्बन दोन ऑक्सिजनांनी ओढलेला असूनही ॲल्डिहाइड किंवा कीटोनच्या कार्बनपेक्षा कमी इलेक्ट्रॉनस्नेही का, हा मुलाखतीतला आवडता प्रश्न आहे. एकेरी बंधाचा ऑक्सिजन सिग्मा बंधातून इलेक्ट्रॉन ओढतो हे खरे, पण त्याच वेळी आपली एकाकी जोडी संस्पंदनाने (रेझोनन्सने) कार्बोनिलकडे देतही असतो, आणि देणे ओढण्यापेक्षा भारी पडते. अमाइडमध्ये नायट्रोजन याहून जास्त देतो, म्हणून अमाइड आणखी सुस्त. ॲसिड क्लोराइडमध्ये क्लोरीन ओढतो बराच आणि देतो फार थोडे, म्हणून ते सर्वांत तापट. कार्बोक्झिलेट आयनाबद्दल वेगळे सांगायला नको. ऋण प्रभारच दोन ऑक्सिजनांत वाटलेला असल्यामुळे तेथे हायड्रॉक्साइड फिरकत नाही.

या देण्याघेण्यात बदल घडवणाऱ्या गोष्टी ओळखता आल्या की दोन एस्टरांची तुलना करता येते. ॲसिल बाजूला ओढणारा गट असेल तर कार्बोनिल कार्बन अधिक तुटीत जातो. पॅरा-नायट्रो गट असलेला इथिल बेंझोएट अल्कलीत साध्या इथिल बेंझोएटपेक्षा, विद्रावकानुसार, साधारण पन्नास ते शंभर पट वेगाने जलापघटित होतो. अल्कोहोलच्या बाजूला बेंझीनचे कडे असेल तर त्या ऑक्सिजनची जोडी कड्याकडेही वाटली जाते आणि फिनॉक्साइड बाहेर पडायलाही सोपे जाते. इथेनॉलचा पीकेए (हा आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र) १६ च्या आसपास, फिनॉलचा १०, यावरून फरकाचा अंदाज येतो. आम्ल घातले की कार्बोनिल ऑक्सिजनला प्रोटॉन चिकटतो आणि कार्बन आणखी भुकेला होतो. पाण्यासारखा दुबळा केंद्रकस्नेही आम्लात काम करू शकतो तो यामुळेच. उलट दोन्ही बाजूंना मोठे गट असतील तर कार्बन तुटीत असूनही त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

ॲस्पिरिनवर हे सर्व एकत्र तपासून पाहावे. त्यात दोन कार्बोनिल कार्बन आहेत: एक ॲसिटिल एस्टरचा, दुसरा कार्बोक्झिलिक आम्लाचा. आम्लाचा पीकेए ३.५ च्या आसपास असल्याने उदासीन पाण्यात तो गट बहुतांशी कार्बोक्झिलेट झालेला असतो, म्हणून दुसरा कार्बन यादीतून जातो. उरलेला एस्टर फिनॉलचा असल्यामुळे जास्तच क्रियाशील. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या ॲस्पिरिनच्या बाटलीला व्हिनेगरचा वास येतो, तो हवेतील ओलाव्याने याच कार्बनवर केलेल्या हल्ल्याचा. शरीरात सायक्लोऑक्सिजिनेज या विकराच्या एका सेरिनचा ऑक्सिजनही येथेच हल्ला करतो. ॲसिटिल गट सेरिनवर जाऊन बसतो आणि विकर बंद पडते.

अल्फा कार्बनचा सापळा

पहिल्या वर्षी शिकताना मी स्वतः अंतर्गत परीक्षेत अल्फा कार्बनला, म्हणजे वरच्या उदाहरणातील क्रमांक १ ला, इलेक्ट्रॉनस्नेही ठरवले होते. माझा युक्तिवाद असा होता की तुटीतल्या कार्बोनिलला तो चिकटलेला आहे, तेव्हा त्याच्यावरही तूट असणार. तूट थोडी असतेही. पण त्याच्या बाकावरून उठणार कोण? हायड्रोजन जोडी घेऊन हायड्राइड म्हणून निघून जात नाही. तो प्रोटॉन म्हणून, जोडी मागे ठेवून जातो, आणि मग अल्फा कार्बन केंद्रकस्नेही होतो. इथिल ॲसिटेटच्या अल्फा हायड्रोजनचा पीकेए २५ च्या आसपास आहे, म्हणजे तीव्र अल्कली लागते, पण निघतो. क्लेझन संघननात एका रेणूचा अल्फा कार्बन दुसऱ्या रेणूच्या कार्बोनिल कार्बनवर हल्ला करतो. एकाच एस्टरचे दोन शेजारी कार्बन तेथे परस्परविरुद्ध भूमिका करतात.

अल्फा कार्बनवर ब्रोमीन आला की निकाल बदलतो. इथिल ब्रोमोॲसिटेटमध्ये ब्रोमाइड जोडी घेऊन आनंदाने निघून जातो, शेजारचा कार्बोनिल संक्रमण अवस्थेला आधार देतो, आणि तो अल्फा कार्बन साध्या अल्किल ब्रोमाइडपेक्षा कितीतरी तत्पर इलेक्ट्रॉनस्नेही ठरतो. (डोळ्यांतून पाणी काढणारा पदार्थ आहे, बाटली धूर-कपाटातच उघडावी.) त्याच रेणूला जस्त दिले की रेफॉर्मात्स्की अभिक्रियेत तोच कार्बन पुन्हा केंद्रकस्नेही होतो. म्हणून वर्तुळ काढण्यापूर्वी प्रश्नात अभिक्रियाकारक कोणता दिला आहे ते वाचावे.

अल्किल कार्बनची पाळी केव्हा येते

क्रमांक ३ ला आपण दुय्यम ठरवले, पण काही एस्टरांत तोच मुख्य होतो. टर्शरी ब्युटिल एस्टरला ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लासारखे तीव्र आम्ल दिले की प्रोटॉन चिकटलेला ॲसिल भाग कार्बोक्झिलिक आम्ल म्हणून सुटतो आणि मागे तृतीयक कार्बोकॅटायन उरतो; येथे अल्कोहोलच्या बाजूचा कार्बन इलेक्ट्रॉनस्नेही आहे आणि कार्बोनिल कार्बनवर कोणी हल्ला करत नाही. दुसरा प्रकार मिथिल एस्टरांचा. आयोडाइड किंवा थायोलेटसारखे मृदू केंद्रकस्नेही मिथिल कार्बनवर मागून हल्ला करून कार्बोक्झिलेट बाहेर काढू शकतात. ऑर्थो स्थानी दोन मिथिल गट असलेल्या मिथिल मेसिटोएटसारख्या एस्टरात कार्बोनिलकडे जाण्याची वाटच बंद असल्यामुळे हा मागचा दरवाजा उपयोगी पडतो.

बीटा-प्रोपिओलॅक्टोन हा चार अणूंच्या कड्यातला एस्टर दोन्ही बाजूंनी फुटतो. कड्यातील ताण इतका असतो की ऑक्सिजनला जोडलेला सीएच२ देखील तत्पर इलेक्ट्रॉनस्नेही होतो. तीव्र अल्कलीत हल्ला कार्बोनिलवर होतो, तर उदासीन पाण्यात या सीएच२ वर. कोव्हॅक्सिन तयार करताना विषाणू निष्क्रिय करण्यासाठी हाच पदार्थ वापरला गेला.

डायमिथिल सल्फेट किंवा टॉसिलेट यांसारख्या अकार्बनी वळणाच्या एस्टरांत तर कार्बोनिल नसतोच. तेथील इलेक्ट्रॉनस्नेही कार्बन म्हणजे ऑक्सिजनला चिकटलेला अल्किल कार्बन. फॉस्फेट एस्टर वर्गातील कीटकनाशके कीटकाच्या विकरावर हल्ला करतात तेव्हा सेरिनला भेटतो तो फॉस्फरस, कार्बन नव्हे. अशा रेणूत कार्बनभोवती वर्तुळ काढण्याची घाई करू नये.

दुहेरी बंध कोठे आहे ते पाहणे

कार्बोनिलला लागून दुहेरी बंध असेल, म्हणजे अल्फा आणि बीटा कार्बनमध्ये, तर तूट बीटा कार्बनपर्यंत पोहोचते. तेथे आलेल्या जोडीसाठी पाय बंध सरकतो, अल्फा कार्बनमार्गे थेट कार्बोनिल ऑक्सिजनपर्यंत. आर्थर मायकेल यांनी १८८७ मध्ये वर्णिलेल्या संकलनाचा हा पाया. घरातला नमुना म्हणजे फेव्हिक्विकसारखा गोंद: त्यातील इथिल सायनोॲक्रिलेटच्या बीटा कार्बनला एका बाजूने एस्टर आणि शेजारच्या अल्फा कार्बनवर बसलेला सायनो गट असे दोघे मिळून तुटीत ठेवतात, त्यामुळे बोटावरचा ओलावाही बहुलकीकरण सुरू करायला पुरतो. कार्बोनिल कार्बन त्या गडबडीत तसाच राहतो. असे दोन पर्याय असलेल्या रेणूत ढोबळ नियम असा, की ग्रिग्नार्ड अभिक्रियाकारक किंवा हायड्रॉक्साइड कार्बोनिलकडे झुकतात, तर थायॉल, अमाइन आणि तांब्याचे कार्बनी अभिक्रियाकारक बीटा कार्बनकडे.

दुहेरी बंध दूर असेल तर त्याचा काही उपयोग नाही. शेंगदाणा तेलाच्या ट्रायग्लिसराइडात ओलेइक आम्लाच्या साखळीतील दुहेरी बंध कार्बोनिलपासून मोजत गेल्यास नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये येतो. मधल्या सात सीएच२ गटांनी संबंध तोडलेला असतो. म्हणून तेलाच्या रेणूत मोजायचे ते तीन कार्बोनिल कार्बन. कॉस्टिक सोडा त्या तिन्हींवर एकामागून एक जातो आणि साबण होतो; मिथेनॉल आणि थोडी अल्कली दिल्यास मिथॉक्साइड त्याच तिघांवर जातो आणि बायोडिझेल होते.

एक सलग उदाहरण: सायपरमेथ्रिन

कापसाच्या पट्ट्यातील मुलाने घरी फवारणीच्या डब्यावर वाचलेला हा शब्द असतो, म्हणून शेवटचा सराव मी यावरच देतो. रेणूत २२ कार्बन आहेत. पाहून दडपण येते, पण चाळणी लावली की थोडेच उरतात. एका बाजूला तीन कार्बनचे कडे असलेले आम्ल, त्यावर दोन मिथिल गट आणि टोकाला दोन क्लोरीन असलेला दुहेरी बंध. दुसऱ्या बाजूला एक सीएच, त्याला एस्टरचा ऑक्सिजन, सायनो गट आणि फिनॉक्सी-फिनिल गट.

बेंझीनची दोन्ही कडी पहिल्याच फेरीत सोडावीत. ऑक्सिजनला जोडलेले कार्बन त्यांत आहेत, पण नायट्रोसारखा ओढणारा गट नसल्याने तेथे जोडी स्वीकारली जात नाही. दोन क्लोरीन असलेला कार्बन पाहून मोह होतो. मात्र तो दुहेरी बंधातला आहे, त्याच्यावर मागून हल्ला होऊ शकत नाही, आणि तो दुहेरी बंध कार्बोनिलला संयुग्मी नाही, मध्ये तीन कार्बनचे कडे आहे. ऑक्सिजन आणि सायनो दोन्ही असलेल्या सीएचवर तूट भरपूर असते, परंतु तो द्वितीयक आणि गर्दीतला आहे, त्यामुळे तो तिसऱ्या क्रमांकावर. सायनो गटाच्या कार्बनपाशी पाय बंध आहे आणि नायट्रोजन जोडी घेऊ शकतो, म्हणून तो यादीत राहतो, पण सौम्य अल्कलीसमोर एस्टरपेक्षा मागे पडतो. पहिला क्रमांक कार्बोनिल कार्बनचाच, जरी शेजारच्या कड्यावरील दोन मिथिल गट त्याची वाट थोडी अडवत असले तरी.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे काय तयार होते त्यावरून पडताळता येते. हा पदार्थ सौम्य आम्लधर्मी द्रावणात टिकतो आणि अल्कधर्मी पाण्यात फुटतो. हायड्रॉक्साइडने कार्बोनिल कार्बनवर हल्ला केला की कड्याच्या बाजूचे आम्ल कार्बोक्झिलेट होऊन वेगळे पडते आणि दुसऱ्या बाजूला ओएच व सायनो एकाच कार्बनवर असलेले सायनोहायड्रिन सुटते. ते अल्कलीत टिकत नाही. सायनाइड सोडून देते आणि ३-फिनॉक्सिबेंझाल्डिहाइड उरते. सायनोहायड्रिनमधील ऑक्सिजन हा एस्टरमधला मूळचा ऑक्सिजन आहे, हे बाण काढताना स्पष्ट दाखवावे. तो पाण्यातून आलेला दाखवला असेल तर वर्तुळ कार्बोनिलवर असूनही बाण सीएचवर मारला गेला आहे असे समजावे आणि आकृती पुन्हा काढावी.